घड्याळ दाबण्याआधी, दाबल्यानंतर: क्लबच्या बुद्धिबळ स्पर्धेतले वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रे क्लबच्या स्विस स्पर्धेतल्या (कुणी बाद होत नाही, दर फेरीत शक्यतो सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात) एखाद्या फेरीत अडलेल्या मुद्द्यांवर आहेत. उत्तरे फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) १ जानेवारी २०२३ पासून लागू असलेल्या नियमांना धरून दिली आहेत. रॅपिड (कमी वेळेचा डाव) किंवा ब्लिट्झला (अगदी कमी वेळेचा डाव) नियम वेगळा असेल तिथे तसे सांगितले आहे. पत्रे वाचताना एक गोष्ट जाणवली. भांडण पटावरच्या डावावर क्वचितच होते. हात आधी कुठे लागला, घड्याळ दाबले होते का, आणि तक्रार कधी केली, या तीन गोष्टींवर बहुतेक वेळा गाडी अडते.

प्रश्न: आमच्या स्पर्धेत २३ जण होते. दोन फेऱ्यांनंतर माझे दीड गुण झाले होते. तिसऱ्या फेरीत मला एक गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळाला आणि सलग दुसऱ्यांदा काळे मोहरे मिळाले. पेअरिंग (जोड्या लावणे) चुकले का?

उत्तर: यात चूक दिसत नाही. स्विस पद्धतीत दोन अटी मोडता येत नाहीत: एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही, आणि कुणालाही एकच रंग सलग तीनदा द्यायचा नाही (शेवटच्या फेरीत आघाडीच्या खेळाडूंपुरती यात थोडी सूट असते). एकूण पांढऱ्या आणि काळ्या डावांत दोनपेक्षा जास्त फरकही पडू द्यायचा नाही. या अटी सांभाळून मग सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. गुणगटात विषम संख्या असली, किंवा उरलेले दोघे आधीच एकमेकांशी खेळले असले, तर एकाला खालच्या गटात उतरावे लागते. या वेळी तुमची पाळी आली, एवढेच. पांढरा, काळा, काळा हा क्रम चालतो. चौथ्या फेरीत मात्र तुम्हाला पांढरेच मिळायला हवेत.

२३ जण म्हणजे दर फेरीत एकाला बाय, म्हणजे न खेळता सुट्टी. बाय मिळणाऱ्याला बहुधा पूर्ण गुण मिळतो. त्याच्या नावावर प्रतिस्पर्धी लागत नाही आणि रंगही लागत नाही. एकदा बाय मिळालेल्याला किंवा प्रतिस्पर्धी न आल्याने गुण मिळालेल्याला पुन्हा बाय देत नाहीत. पहिल्या फेरीत यादीतल्या शेवटच्या खेळाडूला बाय गेला की उरलेल्या २२ जणांचे दोन भाग होतात आणि क्रमांक १ समोर क्रमांक १२ येतो.

पेअरिंगचे सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही, त्यात भरलेला निकाल चुकतो. १–० च्या जागी ०–१ पडले की पुढच्या फेरीच्या निम्म्या जोड्या बिघडतात. म्हणून जोड्या लागण्याआधी गुणतक्त्यात आपला मागचा निकाल बघून घ्यावा. खेळ सुरू झाल्यावर आयोजक जोड्या सहसा बदलत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न: एका दिवसात पाच फेऱ्या, प्रत्येकी १५ मिनिटे अधिक चालीला १० सेकंद, असे वेळापत्रक आम्ही करतो. दर वेळी संध्याकाळपर्यंत दीड तास मागे पडतो. कुठे चुकते?

उत्तर: तुम्ही बहुधा १५ आणि १५ मिळून अर्धा तास धरता आणि वाढीव सेकंद विसरता. ६० चालींच्या डावात प्रत्येकाला १५ मिनिटे आणि ६०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटे मिळतात. दोघांची मिळून ५० मिनिटे होतात. हत्तीचे अंतपर्व ९० चालींपर्यंत लांबले तर पूर्ण तास जातो. सगळा हॉल त्या एका पटासाठी थांबतो, कारण शेवटचा निकाल आल्याशिवाय पुढच्या जोड्या लागत नाहीत. दोन फेऱ्यांच्या सुरुवातींत ७० मिनिटे ठेवा. पाच फेऱ्यांना ५ तास ५० मिनिटे लागतील, जेवणाची सुट्टी वेगळी. वाढीव सेकंदांशिवाय २५ मिनिटांचा डाव ठेवला तर फेरी ५० मिनिटांत नक्की संपते. पण शेवटच्या मिनिटात मोहरे उडतात आणि पंचाला चार पटांवरून एकदम हाका येतात. आमचे मत वाढीव सेकंदांच्या बाजूने आहे. १० जमत नसतील तर निदान ५ ठेवा.

सामानाचा हिशोब असा: २४ खेळाडूंना १२ पट लागतात, पण घड्याळे १४ आणा. पंचाच्या टेबलावर दोन्ही रंगांचे जादा वजीर ठेवा, ते का हे पुढे येईलच. घर ५ ते ६ सेंटिमीटरचे आणि राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असावा. चार प्यादी एका घरात जेमतेम मावली तर पट आणि मोहऱ्यांचे माप जुळले म्हणायचे. प्यादी घराबाहेर येत असतील तर मोहरे दाटीने बसतात. अशा पटावर चुकून धक्का लागतो आणि हात लागला की नाही यावर वाद होतो.

घड्याळ लावताना सर्वांत जास्त घोळ इन्क्रिमेंट आणि डिले यांच्यात होतो. डिलेमध्ये प्रत्येक चालीला काही सेकंद वेळ थांबून राहते, पण वाचलेले सेकंद साठत नाहीत. इन्क्रिमेंटमध्ये, म्हणजे वरच्या वाढीव सेकंदांत, ते साठतात. फेरीआधी प्रत्येक घड्याळाच्या दोन्ही बाजू भराभर चार-पाचदा दाबून बघा. आकडा वाढत गेला तर इन्क्रिमेंट लागले आहे. तपासून झाल्यावर घड्याळ पुन्हा सुरुवातीच्या वेळेवर न्यायला विसरू नका. काही घड्याळे पहिल्या चालीचे १० सेकंद सुरुवातीलाच दाखवतात, काही दाखवत नाहीत. सगळ्या पटांवर सारखाच आकडा दिसला पाहिजे.

प्रश्न: माझ्या मुलाने कॅसलिंग करताना आधी हत्तीला हात लावला, मग राजाला. प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली आणि पंचाने हत्तीच हलवायला लावला. नऊ वर्षांच्या मुलाला एवढे कडक?

उत्तर: वयाप्रमाणे नियम बदलत नाही, आणि पंचाचा निर्णय बरोबर आहे. कॅसलिंग ही राजाची चाल आहे. राजा आधी दोन घरे सरकवायचा, मग हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायचा, आणि दोन्ही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लागला तर त्या चालीत त्या बाजूचे कॅसलिंग बाद होते आणि हत्तीची कायदेशीर चाल असेल तर ती खेळावी लागते. उलट, आधी राजा आणि मग हत्ती धरला, पण कॅसलिंग होतच नाही असे लक्षात आले (मधल्या घरावर शह आहे, किंवा राजा आधी हललेला आहे), तर राजाची दुसरी कायदेशीर चाल खेळावी लागते. त्यात दुसऱ्या बाजूचे कॅसलिंगही चालते. राजाला चालच नसेल तर मग काहीही खेळायची मोकळीक आहे.

वाकडा बसलेला मोहरा सरळ करायचा असेल तर आधी मोठ्याने ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचे आणि मगच हात लावायचा, तोही आपली चाल असतानाच. हात लावून झाल्यावर म्हटलेले ‘अ‍ॅडजस्ट’ धरत नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत घोडे फिरवून नीट करण्याची सवय बऱ्याच जणांना असते, तीही नियमात बसत नाही.

हरकत घेणाऱ्यालाही मर्यादा आहे. समोरच्याने मोहऱ्याला हात लावून दुसराच मोहरा खेळला, आणि तुम्ही उत्तरादाखल आपल्या मोहऱ्याला हात घातला, की तक्रारीचा हक्क संपला. आधी घड्याळ थांबवा, पंचाला बोलवा.

प्रश्न: रॅपिड डावात प्रतिस्पर्ध्याने शहातला राजा तसाच ठेवून दुसरी चाल खेळली आणि घड्याळ दाबले. मी त्याचा राजा उचलून डाव जिंकला असे म्हटले. पंचाने उलट मलाच समज दिली. का?

उत्तर: राजा मारून डाव संपवणे ही घरगुती पद्धत झाली. फिडेच्या नियमांत राजा मारला जात नाही, तसे करणे हीच बेकायदेशीर चाल ठरते.

योग्य क्रम असा. हात मोहऱ्यांपासून लांब ठेवायचे, दोन्ही घड्याळे थांबवायची, आणि पंचाला ‘इल्लीगल मूव्ह’ एवढेच सांगायचे. पंच चूक व्हायच्या आधीची स्थिती पटावर लावेल. ज्या मोहऱ्याला हात लागला होता त्याने शह निवारता येत असेल तर तोच खेळावा लागेल. म्हणजे त्याने घोडा हलवला असेल आणि घोडा मध्ये घालून शह थांबत असेल, तर राजा सरकवायची सूट नाही. पहिल्या चुकीला तुम्हाला दोन मिनिटे जादा मिळतात. तुमच्या घड्याळात १:४७ उरले असतील तर पंच ते ३:४७ करेल, समोरच्याचा वेळ कापणार नाही. ब्लिट्झमध्ये एकच मिनिट. त्याच खेळाडूची दुसरी बेकायदेशीर चाल झाली की तो हरला. पण तुमच्याकडे कोणत्याही मार्गाने मात होऊ शकेल असे काहीच उरले नसेल तर बरोबरी.

रॅपिडमध्ये एक पंच बरेच पट सांभाळत असेल तर तुमची पुढची चाल खेळण्याआधीच दावा करावा लागतो. तुम्ही खेळलात आणि पंचाच्याही लक्षात आले नाही, की ती चूक पटावर कायम राहते आणि डाव तसाच पुढे जातो. लांब वेळेच्या डावात तसे नाही. दहा चालींनंतर उघडकीस आले तरी स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) बघून मागे जातात, म्हणून तिथे नोंद नीट असणे कामाचे.

बेकायदेशीर चाल पूर्ण होते ती घड्याळ दाबल्यावर. दाबण्याआधी स्वतःच्या लक्षात आले तर दंड नाही, मात्र हात लागलेला मोहरा खेळण्याचे बंधन राहते. आणखी तीन गोष्टी याच सदरात येतात, त्या फारशा कुणाला माहीत नसतात: चाल न करताच घड्याळ दाबणे; कॅसलिंग, मार किंवा प्याद्याची बढती (शेवटच्या ओळीत पोचल्यावर त्याचा वजीर वगैरे करणे) दोन्ही हातांनी करून घड्याळ दाबणे; आणि शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे तसेच ठेवून घड्याळ दाबणे. शेवटच्या प्रकारात दंड होतोच, शिवाय त्या जागी वजीरच ठेवला जातो. घोडा हवा होता असे नंतर म्हणता येत नाही.

प्रश्न: बढतीच्या वेळी जादा वजीर नव्हता म्हणून मी हत्ती उलटा ठेवला आणि ‘वजीर’ असे म्हटले. तो वजीर धरला नाही.

उत्तर: उलटा हत्ती हत्तीच असतो, तोंडाने काहीही म्हटले तरी. वजीर हाताशी नसेल तर घड्याळ थांबवून पंचाकडे मागता येतो, नियमात तशी स्पष्ट मुभा आहे. घड्याळात आठ सेकंद उरलेले असताना हे सुचणे अवघड, म्हणून प्यादे सहाव्या ओळीत गेले की मारलेला वजीर आपल्या बाजूला ओढून ठेवायची सवय चांगली. तो समोरच्याच्या हातात दाबून ठेवलेला असतो, असेही खूपदा दिसते. तसे असेल तर मागून घ्या, नाही दिला तर पंच आहेच.

प्रश्न: ९० मिनिटे अधिक ३० सेकंद अशा डावात माझ्याकडे तीन मिनिटे उरली तेव्हा मी चाली लिहिणे थांबवले. पंचाने लिहायला लावले. पाच मिनिटांखाली सूट असते ना?

उत्तर: ती सूट चालीला ३० सेकंदांपेक्षा कमी वाढ असेल तेव्हाच. ३० किंवा जास्त सेकंद मिळत असतील तर शेवटपर्यंत लिहायचे. समोरच्याच्या चालीला आधी उत्तर देऊन मग दोन्ही चाली लिहिल्या तरी चालते, पण आपली पुढची चाल खेळण्याआधी मागचे लिहून झालेले हवे. चाल आधी लिहून मग खेळणे निषिद्ध आहे. अपवाद बरोबरीच्या दाव्याचा, तो खालच्या उत्तरात आहे. रॅपिड आणि ब्लिट्झमध्ये लिहायचे बंधन नाही.

प्रश्न: तीच स्थिती तीनदा आली, मी चाल खेळून घड्याळ दाबले आणि पंचाला बरोबरी मागितली. दावा फेटाळला. स्कोअरशीटवर तर तीनदा दिसते!

उत्तर: दावा ज्याची चाल आहे त्यानेच करायचा असतो. तुम्ही घड्याळ दाबलेत त्या क्षणी चाल समोरच्याची झाली. आता दावा करायचा हक्क त्याचा, आणि तो जिंकायच्या प्रयत्नात असेल तर कशाला करेल?

तुमच्या चालीने तिसरी पुनरावृत्ती होणार असेल तर ती चाल खेळायची नाही. फक्त स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचे, आणि ‘ही चाल खेळून स्थिती तिसऱ्यांदा येते, बरोबरी मागतो’ असे पंचाला सांगायचे. लिहिलेली चाल बदलता येत नाही, दावाही मागे घेता येत नाही. मोहऱ्याला हात लागला तर त्या चालीपुरता दावा गेला. समोरच्याच्या चालीने तिसरी पुनरावृत्ती झाली असेल तर काही न लिहिता, काही न हलवता थेट दावा करता येतो. पंच दुसऱ्या पटावर डाव लावून तपासतो. दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटे मिळतात आणि लिहिलेली चाल खेळावी लागते. म्हणून चालींचे क्रमांक आधी वर्तुळ करून ठेवा, हवेत बोट दाखवून दावा करू नका.

तीनही वेळा चाल त्याच खेळाडूची हवी आणि शक्य असलेल्या चालीही त्याच हव्यात. पहिल्या वेळी कॅसलिंगचा हक्क होता, नंतर राजा हलून परत जागेवर आला, तर डोळ्यांना तीच दिसणारी ती स्थिती नियमाने वेगळी. मधली येणीजाणी सलग असायची गरज नाही. आणि सतत शह देत राहिले की आपोआप बरोबरी, असा स्वतंत्र नियमच नाही. ती बरोबरी पुनरावृत्तीतून किंवा ५० चालींच्या नियमातूनच (दोन्ही बाजूंच्या ५०–५० चाली मार आणि प्याद्याच्या चालीशिवाय) मिळते. कुणी दावा केलाच नाही, तर पाचव्या पुनरावृत्तीला, किंवा दोन्ही बाजूंच्या ७५–७५ चाली मार आणि प्याद्याच्या चालीशिवाय गेल्यावर, डाव आपोआप बरोबरीत संपतो. पंचाहत्तरावी चाल मात देणारी असेल तर मात धरतात.

रॅपिडमध्ये नोंद नसल्याने दावा सिद्ध करणे कठीण जाते. पुनरावृत्ती सुरू झाल्यासारखी वाटताच पंचाला पटाशी बोलावून घेणे हाच व्यवहारी उपाय.

प्रश्न: प्रतिस्पर्धी माझ्या विचाराच्या वेळेत दर दोन चालींनी ‘ड्रॉ?’ विचारतो. ते वैध आहे का?

उत्तर: प्रस्ताव वैध, पण वेळ चुकीची. आपली चाल पटावर करून, घड्याळ दाबण्याआधी प्रस्ताव द्यायचा असतो. दुसऱ्याच्या वेळेत आणि वारंवार विचारणे हा त्रास देण्याचा प्रकार समजला जातो, पंच ताकीद देऊ शकतो आणि पुढे दंडही करू शकतो. तुम्हाला लगेच उत्तर द्यायची सक्ती नाही. तो प्रस्ताव तुम्ही तोंडाने नाकारेपर्यंत किंवा खेळण्यासाठी मोहऱ्याला हात लावेपर्यंत उभा राहतो, देणाऱ्याला परत घेता येत नाही. म्हणजे आलेल्या प्रस्तावावर तुम्ही पाच मिनिटे निवांत गणित करू शकता. दोघांनीही स्कोअरशीटवर त्या चालीपाशी (=) अशी खूण करायची. ‘हा बाराव्यांदा विचारतोय’ हे पंचाला पटवायला तीच कामी येते.

प्रश्न: माझा फ्लॅग पडला (घड्याळातली वेळ संपली) तेव्हा माझ्याकडे राजा आणि एक प्यादे होते, त्याच्याकडे राजा आणि नुसता घोडा. एका घोड्याने मात होत नाही, तरी मला हरलेला ठरवले.

उत्तर: एका घोड्याने जबरदस्तीने मात होत नाही, हे खरे. पण नियम जबरदस्तीचे बोलत नाही. कायदेशीर चालींच्या कुठल्याही क्रमाने, अगदी तुमच्या वेडगळ चाली धरूनही, मात शक्य असेल तर फ्लॅग पडलेला हरतो. तुमचे प्यादे इथे घात करते. काळा राजा एच१ वर, काळे प्यादे एच२ वर, पांढरा राजा एफ१ वर आणि पांढरा घोडा जी३ वर लावून बघा. जी१ आणि जी२ पांढऱ्या राजाने अडवली, एच२ स्वतःच्याच प्याद्याने. घोड्याचा शह आहे आणि ही मात आहे. प्यादे नसते तर अशी मात कधीच उभी राहिली नसती आणि डाव बरोबरीत सुटला असता. वेळ संपत आली असेल आणि ते प्यादे तसेही जिंकत नसेल, तर घोड्याला खाऊ घालून मोकळे होणे शहाणपणाचे.

हाच हिशोब ‘पुस्तकात बरोबरी’ असलेल्या स्थितीलाही लागतो. समोरच्याकडे ए-स्तंभातले प्यादे आणि काळ्या घरांचा उंट, तुमचा राजा ए८ च्या कोपऱ्यात. त्याला कधीच जिंकता येत नाही, पण तुमचा फ्लॅग पडला तर तुम्ही हरलात.

वाढीव सेकंद नसलेल्या स्पर्धेत, शेवटची दोन मिनिटे उरली असताना ‘समोरचा सामान्य मार्गाने जिंकू शकत नाही’ असा दावा करण्याची एक तरतूद आहे. पण ती त्या स्पर्धेत लागू असल्याचे आधीच जाहीर केलेले हवे, आणि दावा फ्लॅग पडण्याआधीच करायचा. पडल्यावर काही उपयोग नाही.

प्रश्न: वजीर जास्त असूनही शेवटच्या वीस सेकंदांत दोनदा स्टेलमेट (समोरच्याला शह नाही, पण चालही नाही, म्हणून बरोबरी) केले. खात्रीची पद्धत सांगा. डाव १० सेकंद वाढीचा होता.

उत्तर: वीस सेकंद आणि चालीला दहा म्हणजे पुरेसा वेळ आहे. एकट्या राजाला वजिराने कुठूनही जास्तीत जास्त १० चालींत मात होते. खालची पद्धत थोड्या जास्त चाली घेते, पण डोके कमी लागते. घात होतो तो शह देत बसल्याने.

शह न देता वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या उडीवर ठेवा. राजा जिकडे सरकेल तिकडेच, तेवढाच वजीर सरकवा. राजाची जागा आपोआप आवळत कोपऱ्याकडे जाते. आता नेमका धोका बघा. राजा बी८ वर, तुमचा वजीर डी७ वर. राजा ए८ ला गेला. सवयीने नक्कल करून वजीर सी७ ला नेलात की स्टेलमेट: ए७, बी७, बी८ तिन्ही घरे बंद, शह नाही. दोनदा झाले म्हणता ते बहुधा इथेच. राजा कोपऱ्यात शिरला की नक्कल थांबवायची आणि वजीर डी७ वरच सोडून द्यायचा. त्याचा राजा ए८–बी८ असा येरझाऱ्या घालत राहतो, त्याला एक चाल नेहमी असते. तेवढ्यात आपला राजा सी६ किंवा बी६ ला आणायचा आणि वजीर बी७ वर ठेवला की मात. इतर कोपऱ्यांत हेच आरशासारखे.

आणि प्यादी उरलेली असताना दुसरा वजीर करायचा मोह टाळा. पटावर दोन वजीर आणि समोर एकटा राजा, यात स्टेलमेटच्या जागा वाढतात. एक वजीर किंवा एक हत्ती पुरतो. हत्तीने मात जास्तीत जास्त १६ चालींत होते, ती मात्र आधी सरावाने बसवावी लागते.

प्रश्न: आम्हा दोघांचे ५ पैकी ४ गुण. बुकोल्झ माझे जास्त, तरी बक्षीस त्याला गेले.

उत्तर: तुमच्या स्पर्धेत पहिला टायब्रेक (सारख्या गुणांच्या खेळाडूंचा क्रम ठरवायचे माप) बुकोल्झ कट-१ होता का ते बघा. बुकोल्झ म्हणजे तुमच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम गुणांची बेरीज. कट-१ मध्ये त्यातला सर्वांत कमी आकडा वगळतात. समजा तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण ३, २½, ३½, ४ आणि २: बेरीज १५. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे १, ३, ३, ३½ आणि ४: बेरीज १४½. तुम्ही पुढे. आता सर्वांत कमी वगळा: तुमचे १३, त्याचे १३½. तो पुढे. पहिल्या फेरीत नवख्याशी गाठ पडणे हा खेळाडूचा दोष नाही, म्हणून कट-१ आम्हाला जास्त न्याय्य वाटतो. सोनेबॉर्न-बर्गर या आणखी एका टायब्रेकमध्ये हरवलेल्यांचे पूर्ण आणि बरोबरी झालेल्यांचे अर्धे गुण मोजतात. तुम्ही दोघेही चार गुणांच्या खेळाडूकडूनच हरला असाल तर तिथे तुमचे ११ आणि त्याचे १०½. एकाच तक्त्यात कोणता टायब्रेक आधी, यावर पहिला क्रमांक बदलतो. म्हणून क्रम पहिल्या फेरीआधी भिंतीवर लागलेला हवा. नंतर ठरवला तर तक्रार रास्त आहे.

प्रश्न: खिशात बंद केलेला फोन होता, वाजलाही नाही. तरी डाव गेला.

उत्तर: खेळण्याच्या जागेत अंगावर फोन सापडला की डाव हरला, तो बंद असला तरी. स्पर्धेच्या नियमांत सौम्य दंड लिहिलेला असेल तरच सवलत. पंचाने परवानगी दिली असेल तर पूर्ण बंद करून पिशवीत, पिशवी त्याने सांगितलेल्या जागी, आणि डाव चालू असताना त्या पिशवीला न विचारता हात नाही. स्मार्ट घड्याळालाही हेच लागू.

प्रश्न: शेजारच्या पटावर फ्लॅग पडलेला मला दिसला. सांगू शकतो का?

उत्तर: त्या दोघांना नाही. काही गैर दिसले तर फक्त पंचाला, तेही बाजूला जाऊन. खुणावणे, खाकरणे, घड्याळाकडे टक लावून बघणे यातले काहीच चालत नाही.

प्रश्न: डाव संपल्यावर राजे पटाच्या मध्यभागी ठेवतात ते कशासाठी? आणि चुकीच्या निकालावर सही झाली तर?

उत्तर: इलेक्ट्रॉनिक पटावर निकाल त्यावरून नोंदला जातो: दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांत (ई४, डी५) म्हणजे पांढरा जिंकला, काळ्या घरांत (डी४, ई५) म्हणजे काळा, एकेका रंगात म्हणजे बरोबरी. साध्या पटावर हे फक्त पंचाला लांबून कळायची सोय. खरी नोंद दोघांच्या सहीच्या स्कोअरशीटची किंवा निकालाच्या चिठ्ठीची. सही केलेला निकाल चुकीचा असला तरी पंचाने वेगळा निर्णय दिला नाही तर तोच राहतो. म्हणून चूक लक्षात आली की समोरच्याला सोबत घेऊन, पुढच्या फेरीच्या जोड्या लागायच्या आत पंचाकडे जा.